गार असताना गप्प, तापल्यावर खडखड: कॅट-बॅक एक्झॉस्ट बसवल्यावर परत परत येणारा आवाज

आधी लक्षण नेमकं सांगतो, म्हणजे तुमच्या गाडीचा आवाज हाच की दुसरा ते लगेच कळेल. थंड गाडी सुरू केली की सगळं ठीक. पंधरा-वीस मिनिटं चालवली, एक्झॉस्ट चांगला तापला, की मागून डावीकडून पत्र्यावर चमचा वाजवावा तशी खडखड सुरू. क्लच सोडून गाडी उचलताना जास्त, एका वेगात सरळ चालताना जवळपास नाहीच, आणि रिव्हर्सला पूर्ण गायब. थांबून खाली वाकून बघावं तर एकही नट ढिला नाही. तरी क्लॅम्प आवळले की तीन-चार दिवस शांतता. मग पुन्हा तेच.

गाडी २०१६ ची फोर्ड मस्टँग जीटी, ५.० लिटरचं कोयोटी व्ही-८, मॅन्युअल गिअर. बसवलेलं किट कॅट-बॅक, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातले घातक वायू कमी करणारा डबा, थोडक्यात कॅट) मागचं सगळं: दोन बाजूंचे पाइप जोडणारा मधला एच-पाइप, आवाज थोडा मारणारा रेझोनेटर, दोन सायलेन्सर, मागून दिसणाऱ्या टिपा. तीन इंची पाइप, ३०४ जातीचं स्टेनलेस. किट कुणाचं ते लिहीत नाही, कारण दोष किटचा नव्हताच. बसवणारा मी होतो.

हा आवाज मी तीनदा 'दुरुस्त' केला. पहिल्यांदा सगळे क्लॅम्प अजून अर्धा फेरा आवळले. दुसऱ्यांदा वाटलं की पाइप ज्यांवर लटकतो ते रबरी हँगर मऊ पडतायत, म्हणून एका रबराभोवती जाड प्लॅस्टिकची पट्टी करकचून बांधली. ही युक्ती तुम्हालाही कुणीतरी सांगेल. खडखड थांबली खरी, पण बदल्यात सीटखाली सतत बारीक थरथर आली आणि पट्टी आठवडाभरात वितळून गळून पडली. तिसऱ्यांदा टिप बंपरला लागत असेल म्हणून मागच्या टोकाला हात घालून पाइप जोर लावून वळवला. तिन्ही वेळा आवाज गेला आणि तिन्ही वेळा परत आला. तिसऱ्यांदा परत आला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: जे करतोय त्याने आवाज जातोय, म्हणजे माझा हात कारणाच्या आसपास आहे. तो परत येतोय, म्हणजे कारण मात्र जागच्या जागी आहे.

पाइप लांब होतो, आणि बराच होतो

लोखंड तापलं की प्रसरण पावतं हे शाळेत सगळेच शिकतो. पण किती, हे आकड्यात मांडून बघेपर्यंत मलाही पटलं नव्हतं. ३०४ स्टेनलेस दर मीटरला दर अंश सेल्सिअसमागे साधारण १७ मायक्रोमीटर वाढतं. कॅटच्या मागचा पाइप सरासरी ३०० अंशांनी तापला असं धरा. दर मीटरला पाच मिलिमीटर झाले. कन्व्हर्टरपासून सायलेन्सरपर्यंत अडीच मीटर लांबी पकडली तर तेरा मिलिमीटर. सव्वा सेंटिमीटरहून जास्त!

आता ही वाढ जाते कुठे? पुढचं टोक इंजिनाला बांधलेलं आहे, तिकडे सरकायला वाव नाही. त्यामुळे सगळी वाढ मागे जाते. शिवाय मस्टँगमध्ये मागे पाइप दोन कोपऱ्यांकडे फाकतात. त्या आडव्या भागांची वाढ बाहेरच्या दिशेला होते, अर्ध्या मीटरला दोन-अडीच मिलिमीटर. म्हणजे तापलेला एक्झॉस्ट मागे सरकतो आणि थोडा फाकतोही. गार असताना तुम्ही बघितलेली मोकळी जागा ही तापल्यावरची मोकळी जागा नव्हे.

मग कंपनीचा एक्झॉस्ट त्याच जागेत वर्षानुवर्षं गप्प कसा होता? एक तर तो बारीक असतो. दुसरं कारण मला फार उशिरा सुचलं. कंपन्या एक्झॉस्टला बहुतेक वेळा ४०९ सारखं फेरिटिक स्टेनलेस वापरतात. ते स्वस्त असतं आणि वरून लवकर तांबूसही होतं, पण प्रसरण पावतं ३०४ च्या दोन तृतीयांशच, म्हणजे मायक्रोमीटरच्या हिशोबात सतराऐवजी अकरा. तेवढ्याच लांबीला आठ-साडेआठ मिलिमीटर. आपण हौसेने चकचकीत, न गंजणारं ३०४ घालतो आणि त्याच बोळातून जाडही आणि जास्त वाढणाराही पाइप नेतो. दोन्ही बाजूंनी जागा आपणच खाल्लेली असते.

यात इंजिनाची हालचाल मिळवा. इंजिन रबरी माउंटवर बसलेलं असतं. पहिल्या गिअरमध्ये जोर लागला की प्रतिक्रियेने ते अंग टाकतं आणि त्याची डावी बाजू वर उचलली जाते. रिव्हर्समध्ये प्रोपेलर शाफ्टवरचा (गिअरबॉक्सचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा दांडा) जोर उलटा होतो, त्यामुळे इंजिन-गिअरबॉक्सचं धूडही उलट्या बाजूला कलतं. एक्झॉस्ट इंजिनालाच जोडलेला, तोही सोबत हलतो. माझी खडखड पहिल्या गिअरला यायची आणि रिव्हर्सला गायब व्हायची याचा अर्थ इतकाच होता: डावा पाइप वर उचलला गेला की लागतोय, खाली गेला की सुटतोय. हे आधी समजलं असतं तर मागच्या टिपेशी झटापट केलीच नसती.

आवाज केव्हा येतो ते लिहून काढा

गाडीखाली शिरण्यापूर्वी एक दिवस फक्त ऐका. तापल्यावरच येतो, गार असताना नाही: प्रसरणाने कुठेतरी टेकतंय. उलट असेल, म्हणजे थंड गाडीला खडखड आणि तापल्यावर शांत, तर एखादं हीट शील्ड (उष्णता अडवणारा पातळ पत्रा) सैल आहे किंवा जोडात जागा राहिली आहे, ती धातू फुगून भरते. फक्त खड्ड्यात आणि गतिरोधकावर येतो: हँगर, नाहीतर पाइप आणि सस्पेन्शनमधलं अंतर. उभ्या गाडीत एका ठरावीक आरपीएमलाच झणझण होते आणि वर-खाली गेलं की थांबते: पातळ पत्रा कंप पावतोय, हा बहुतेकदा हीट शील्डच. गिअरमध्ये जोर लावल्यावर येतो: इंजिनाचं कलणं.

एक चाचणी दोन मिनिटांची आहे, ती आधी करून टाका. गाडी पूर्ण गार असताना रबरी हातोडीने किंवा मुठीने सायलेन्सरवर, रेझोनेटरवर, प्रत्येक शील्डवर ठोका. सायलेन्सरच्या आतूनच खुळखुळ आली तर आतली जाळी किंवा पडदा सुटला आहे. त्यावर बाहेरून इलाज नाही, तो भाग बदलून घ्या. शील्ड वाजलं तर पाइपला गुंडाळायचा मोठा होज क्लॅम्प लावून दाबा. किट बसवताना कंपनीचं शील्ड आपल्याच हातून वाकलेलं असतं, हे मान्य करायला जड जातं एवढंच.

टेकतंय कुठे, हे पकडायचं कसं

डोळ्यांना जागा दिसत नाही, कारण तुम्ही बघता तेव्हा गाडी गार आणि शांत उभी असते. आणि कुणाला तरी आत बसवून क्लच-ब्रेकवर इंजिनाला ताण द्यायला लावून आपण खाली पडून बघायचं, हा विचारसुद्धा करू नका. बघायचंच असेल तर बारका कॅमेरा चुंबकाने खाली अडकवून रस्त्यावर फेरी मारा.

मला सर्वांत उपयोगी पडला तो ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा. पाइप आणि बॉडी यांच्यात जिथे जिथे अंतर कमी वाटतं तिथे फॉइल सैलसर चुरगाळून अडकवायची. सबफ्रेमजवळ (मागचं सस्पेन्शन धरणारी खालची चौकट), प्रोपेलर शाफ्टच्या बोगद्यात, मागच्या सायलेन्सरच्या वर, टिपेभोवती, डझनभर ठिकाणी. मग गाडी चांगली तापवायची, दहा-बारा वेळा थांबून उचलायची, रिव्हर्स घ्यायचा, दोन गतिरोधक ओलांडायचे. गार झाल्यावर बोळे काढून जाडी मोजायची. जो बोळा दोन मिलिमीटरवर आला तिथे तापल्यावर दोनच मिलिमीटर उरतात. जो कागदासारखा चपटा झाला, तो तुमचा चोर.

माझा चोर टिपेजवळ नव्हताच. एच-पाइपच्या मागच्या डाव्या जोडावर बँड क्लॅम्प (पट्टीसारखा रुंद क्लॅम्प) होता. त्याच्या बोल्टाचं जास्तीचं टोक वरच्या दिशेला होतं आणि बोगद्याच्या शील्डपासून गार असताना जेमतेम पाच मिलिमीटरवर. पाइप मागे सरकला की टोक शील्डच्या वळणाखाली यायचं, इंजिन कललं की टेकायचं. शील्डवर नखाएवढा चकचकीत ठिपका पडलेला होता. आवाज मागून यायचा, कारण पत्र्याचा आवाज बोगद्यातून मागे घुमत जातो आणि मागच्या सीटखालून कानावर पडतो. एवढे दिवस मी दीड मीटर लांब चुकीच्या जागी शोधत होतो.

आणि आवळल्यावर तीन-चार दिवस शांतता का? आवळताना पाइप थोडा फिरायचा, टोक जरा बाजूला जायचं. पण त्या स्थितीत पाइपात पीळ राहायचा. चार-सहा वेळा तापून-निवून स्लिप जोड (एका पाइपात दुसरा सरकवून केलेला) हळूहळू सरकायचा आणि पाइप आपल्या निवांत जागी परत यायचा. ती निवांत जागाच चुकीची होती. ढिलं काहीच नव्हतं म्हणून आवळण्याचा उपयोगही नव्हता.

सगळं सोडून नव्याने बसवणं

इथे शॉर्टकट नाही. एक क्लॅम्प सोडून एक तुकडा वळवला की पीळ पुढच्या तुकड्यात जातो. सगळे क्लॅम्प सैल करा, पाइप काढायची गरज नाही, फक्त प्रत्येक जोड हाताने फिरेल इतका सैल हवा.

त्याआधी गाडी कशावर उभी आहे ते बघा. चाकं लोंबत्या अवस्थेत लिफ्टवर किंवा स्टँडवर असली की मागचं सस्पेन्शन पूर्ण खाली गेलेलं असतं. २००५ ते २०१४ च्या मस्टँगमध्ये मागे सलग ॲक्सल आहे आणि पाइप त्याच्यावरून जातो. तिथे लोंबत्या ॲक्सलवर मापं घेणं म्हणजे हमखास फसणं. गाडी खाली आली की ॲक्सल वर येतो, आणि त्याला आडवं सरकू न देणारा पॅनहार्ड रॉडही. २०१५ पासून स्वतंत्र सस्पेन्शन आलं, डिफरन्शियल सबफ्रेमवर स्थिर झालं, त्यामुळे धोका कमी, पण अँटी-रोल बार आणि चाकांकडे जाणारे हाफशाफ्ट हलतातच. चारही चाकांचं वजन जमिनीवर येईल अशा रॅम्पवर गाडी चढवून शेवटची मापं घ्या. तसं जमत नसेल तर मागच्या हबखाली आधार देऊन सस्पेन्शन चालत्या उंचीइतकं दाबून घ्या. जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नका, स्टँड लागलेच पाहिजेत, हे माहीत असूनही लिहितो.

सुरुवात पुढून. मागच्या टिपा सरळ दिसाव्यात म्हणून मागून पुढे येण्याचा मोह सगळ्यांना होतो. फोटोत टिपाच दिसतात ना! पण मागची प्रत्येक चूक पुढच्या जोडात जन्मलेली असते. पुढे एक अंश फिरलेला पाइप अडीच मीटर मागे चार सेंटिमीटर हटलेला सापडतो.

स्लिप जोडात आतला पाइप किती आत गेलाय हे अंदाजाने ठरवू नका. जोडायच्या आधी पाइपवर मार्करने रेघ मारा, पन्नास मिलिमीटरच्या आसपास, किंवा किटच्या कागदावर असेल तेवढी. बाहेरच्या पाइपला जे उभे काप असतात त्यांच्या पुढेपर्यंत आतला पाइप गेलाच पाहिजे, आणि ते काप पूर्ण क्लॅम्पखाली झाकले गेले पाहिजेत. कापाचं टोक पाच मिलिमीटर जरी उघडं राहिलं तरी तिथून फुसफुस होते, आणि कितीही आवळलं तरी ती थांबत नाही.

क्लॅम्पचा बोल्ट कुठल्या दिशेला येतोय, हे मी पहिल्या वेळी बघितलंच नव्हतं. वर असला तर बॉडीला लागतो, थेट खाली असला तर गतिरोधकाला घासतो. घड्याळाच्या चार किंवा आठच्या दिशेला, थोडा खाली-बाजूला, अशी जागा बहुतेक ठिकाणी सापडते. माझ्या गाडीत खरा इलाज एवढाच होता: क्लॅम्प शंभर अंश फिरवणं. बाकीचं सगळं काम तो परत तिथे येऊ नये यासाठी.

मोकळ्या जागेचं साधं माप सगळीकडे किमान १२ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच. १२ मिलिमीटर जाडीची लाकडी पट्टी घ्या आणि पाइपभोवती फिरवा. पट्टी जिथून अडखळते तिथे थांबा. ब्रेकच्या नळ्या, इंधनाची टाकी, सेन्सरच्या वायरी यांच्याजवळ १२ वर समाधान मानू नका, तिथे उष्णतेचाही प्रश्न आहे. बंपरच्या खाचेत मात्र टिपा गार असताना थोड्या पुढे ठेवा. शेवटी त्या बंपरच्या कडेला जुळायला हव्यात असं वाटत असेल तर आता आठ-दहा मिलिमीटर आत. रबरी हँगरही तसेच: गार असताना खालचं टोक किंचित पुढे झुकलेलं हवं. तापल्यावर ते सरळ लोंबतं आणि निवांत असतं. गार असतानाच सरळ ठेवलंत तर तापल्यावर मागे ताणलं जातं आणि तो ताण थेट बॉडीत थरथर म्हणून उतरतो.

हँगरची सळई आणि रबराचं भोक जुळत नसेल, तर रबर ताणून घुसवू नका. सळईवर लांब पाइप चढवून ती हलकेच वाकवा, वेल्डवर नजर ठेवून. किटमध्ये पाच-सात मिलिमीटरचा फरक असतोच, त्यात रागवण्यासारखं काही नाही. रबर चढवायला साबणाचं पाणी किंवा सिलिकॉन स्प्रे वापरा. खनिज तेलाने रबर फुगतं आणि पुढे फाटतं. कडक पॉलियुरेथेनचे हँगर विकत मिळतात. शर्यतीच्या गाडीला ठीक आहेत, पण रोजच्या गाडीत मी ते घालणार नाही. खडखडीच्या जागी घरघर विकत घ्यायची एवढंच होतं.

सगळं जुळल्यावर आवळणं पुढून मागे. प्रत्येक क्लॅम्प आधी निम्मा, मग पुन्हा पुढून सुरू करून पूर्ण, आणि प्रत्येक टप्प्यानंतर लाकडी पट्टी फिरवायची. इम्पॅक्ट गन बाजूला ठेवा. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टावर वेगात फिरला की आटे एकमेकांत रुतून बसतात. मग तो पुढेही जात नाही आणि मागेही, कापूनच काढावा लागतो. आट्यांना निकेलचं अँटी-सीझ (आटे रुतू न देणारी पेस्ट) लावा, टॉर्क पाना वापरा, आकडा किटच्या कागदावरचा. बँड क्लॅम्प एकदा पूर्ण आवळला की पाइपच्या आकाराला बसतो. दोन-तीनदा सोडून आवळलेला क्लॅम्प पुन्हा तितका धरत नाही, म्हणून शेवटच्या बसवणीला मी नवे घातले. यू-बोल्टचे क्लॅम्प मिळाले असतील तर लक्षात ठेवा, ते पाइप चेमटवतात. पुढच्या वेळी तो जोड फिरवता येणार नाही.

पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी अल्कोहोल किंवा ॲसिटोनने पाइप पुसून घ्या. बोटांचे ठसे तापून कायमचे पक्के होतात. पाइप वाकवताना वापरलेलं तेल पहिल्या फेरीत जळतं आणि थोडा धूर येतो. त्याला घाबरू नका, पण बंद जागेत गाडी चालू ठेवू नका. वीस मिनिटांनंतरही धूर येत असेल तर पाइप कशाला तरी टेकलाय, प्लॅस्टिक किंवा अंडरकोट जळतोय.

तापवून, पूर्ण निववून, पुन्हा एकदा टॉर्क तपासा. गरम असताना क्लॅम्प सोडू-आवळू नका.

खडखड नाही, टिकटिक येतेय

हा वेगळा आजार आहे, पण त्याच दिवशी सुरू होतो म्हणून लोक त्याचाही दोष नव्या एक्झॉस्टला देतात. आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर सोडून, ठोके मोजता येतात का ते बघा. ७०० आरपीएमला एक सिलिंडर मिनिटाला ३५० वेळा पेटतो, म्हणजे सेकंदाला सहाच्या आत. एवढी टिकटिक कानाला सुटी सुटी ऐकू येते. अशी सुटी टिकटिक असेल तर गळती एका सिलिंडरच्या पोर्टजवळ आहे, मॅनिफोल्डच्या (इंजिनाला लागून धूर गोळा करणारा भाग) गॅस्केटला किंवा तुटलेल्या स्टडला. तुमचा कॅट-बॅक त्याच्या फार मागे आहे. मागच्या जोडात गळती असेल तर तिथून चार सिलिंडरांचा धूर जातो, सेकंदाला तेवीस झटके. ते मोजता येत नाहीत, फुरफुर किंवा फुसफुस असं ऐकू येतं.

गळती शोधायला व्हॅक्यूम क्लीनरची हवा फेकणारी बाजू एका टिपेत खुपसा, भोवती चिंध्या कोंबा, दुसरी टिप बंद करा, आणि थंड जोडांवर साबणाचं पाणी फवारा. बुडबुडे खोटं बोलत नाहीत. चालत्या गाडीत काळ्या काजळीचा ओघळ हीच खूण. स्लिप जोडातून सुरुवातीला पाण्याचा थेंब दिसला तर तो पेट्रोल जळून तयार झालेला बाष्पाचा थेंब आहे, पण जिथून पाणी येतं तिथून वायूही येतो.

२०१८ पासूनच्या ५.० मध्ये पोर्ट इंजेक्शनसोबत पेट्रोल थेट सिलिंडरात फवारणारं डायरेक्ट इंजेक्शनही आहे. उच्च दाबाचे इंजेक्टर मुळातच टिकटिकतात. बॉनेट उघडून वरून जास्त ऐकू येत असेल तर एक्झॉस्टला मोकळं सोडा.

आणखी एक गोंधळ. किट बसवल्यावर आयडलला लय लंगडी वाटते, मिसफायर आहे, म्हणजे एखादा सिलिंडर पेटत नाही, की काय अशी शंका येते. बहुधा नसतो. या इंजिनाचा पेटण्याचा क्रम १-५-४-८-६-३-७-२. फोर्डच्या मोजणीत १ ते ४ उजवीकडे आणि ५ ते ८ डावीकडे. क्रमात ८ नंतर लगेच ६ येतो, दोन्ही डावे, आणि २ नंतर पुन्हा १, दोन्ही उजवे. म्हणजे प्रत्येक बाजूच्या पाइपात ठोके समान अंतराने पडतच नाहीत. अमेरिकन व्ही-८ चा तो भुडभुड आवाज याच विषमतेचा आहे. कंपनीचा सायलेन्सर ती झाकत होता, तुम्ही झाकण काढलंत.

घुमणारा आवाज

हायवेवर वरच्या गिअरमध्ये कान दुखवणारी घूं घूं ही बसवण्याची चूक नसते, त्यामुळे क्लॅम्पशी खेळून जात नाही. १८०० आरपीएमला व्ही-८ सेकंदाला १२० वेळा पेटतो, आणि १२० हर्ट्झच्या आसपास केबिनची पोकळी साथ देते. इलाज तीन: रेझोनेटर परत घालणं, अधिक भरावाचा सायलेन्सर, किंवा पाइपला बंद टोकाची शाखा जोडणं, ज्याला जे-पाइप म्हणतात. शाखेची लांबी तरंगलांबीच्या पाव हिश्शाची. ३०० अंशांच्या वायूत ध्वनी साधारण ४८० मीटर प्रति सेकंद धावतो, त्यामुळे १२० हर्ट्झला एक मीटर. शाखेतला वायू साचून थंड राहतो, म्हणून प्रत्यक्षात थोडी आखूड लागते. वेल्डरकडे जाण्यापूर्वी कुठल्या आरपीएमला घुमतं ते नेमकं टिपून न्या, नाहीतर एक मीटर पाइप फुकट लटकत राहील.

शेवरोलेच्या ऑटोमॅटिक कमारोच्या व्ही-८ मध्ये आणि डॉजच्या ऑटोमॅटिक चॅलेंजरच्या ५.७ लिटर इंजिनात हलक्या जोरावर चार सिलिंडर बंद होतात. तेव्हा ठोके निम्मे होतात, म्हणजे त्याच आरपीएमला ६० हर्ट्झ, आणि जाडाभरडा घरघराट येतो. मॅन्युअल मोडमध्ये गिअर धरून तो थांबतो का बघा. थांबला तर गाडीत बिघाड नाही.

दिवा लागला तर

कॅट-बॅक प्रत्येक बाजूच्या दोन्ही ऑक्सिजन सेन्सरच्या मागे बसतो, त्यामुळे नुसतं ते बसवल्याने इंजिनाचा दिवा लागून पी०४२० किंवा पी०४३० (कॅट नीट काम करत नसल्याचे कोड) यायला नको. आलाच तर आधी सेन्सरची वायर तापलेल्या पाइपला चिकटून वितळली नाही ना ते बघा, आणि मग पुढच्या जोडाची गळती. दाबाच्या लाटांमधल्या पोकळीत गळतीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) वाटतं. २०१८ नंतरच्या ज्या मस्टँगना आवाज बदलणारे झडपवाले सायलेन्सर आहेत, त्यांच्या मोटारींचे कनेक्टर सोडून दिलेत तरी गाडी कुरकुर करेल. कुणी 'कॅटच काढून टाक, सगळे प्रश्न मिटतील' असं सुचवलं तर ऐकू नका. अमेरिकेत ते केंद्रीय कायद्यानेच मना आहे, आणि दिवा तर हमखास लागतो.

माझ्या गाडीत क्लॅम्प फिरवून, सगळं पुढून नव्याने लावून आता सात महिने झाले. फॉइलचे बोळे मी परत दोनदा लावून पाहिले. सर्वांत पातळ निघाला तो नऊ मिलिमीटरचा, उजव्या सायलेन्सरच्या वर. तिथली सळई पुढच्या वेळी गाडी रॅम्पवर चढवेन तेव्हा थोडी वाकवणार आहे.